स्टायपरस्टोन्सची जांभळी धार: हेदरच्या डोंगरावर जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट जवळ आला की बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, टेलफर्ड भागातल्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. हेदरचा बहर कुठे बघायचा, गाडी कुठे लावायची, भारतातून आलेल्या आईच्या गुडघ्यांना झेपेल का. बहुतेक जण पीक डिस्ट्रिक्टचं नाव घेतात. मी स्टायपरस्टोन्सचं घेतो, आणि मग ‘हे कुठे आलं?’ इथून सुरुवात होते. म्हणून सगळी उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हा डोंगर नेमका कुठे आहे?

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, श्रॉपशर परगण्यात. वेल्सची हद्द इथून अगदी जवळ आहे. श्रूझबरी हे जवळचं मोठं गाव (चार्ल्स डार्विन १८०९ मध्ये इथेच जन्मला). तिथून नैर्ऋत्येला रस्त्याने साधारण २५ किलोमीटर गेलं की आपण पायथ्याशी येतो. बर्मिंगहॅमहून गाडीने पावणेदोन-दोन तास धरा.

स्टायपरस्टोन्स हा एक सुळका नाही, ती सुमारे ८ किलोमीटर लांबीची धार आहे. धारेवर ओळीने खडकांचे उंचवटे उभे आहेत. दक्षिणेकडून चालत निघालात तर आधी क्रॅनबेरी रॉक, मग मॅनस्टोन रॉक, मग डेव्हिल्स चेअर, पुढे स्कॅटर्ड रॉक आणि शेफर्ड्स रॉक. सगळ्यांत उंच मॅनस्टोन रॉक, ५३६ मीटर. कळसूबाईचे १६४६ मीटर चढून आलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथला वारा, इथले दगड आणि इथलं हवामान उंचीच्या आकड्यात दिसत नाही.

हेदर म्हणजे काय? गवत की झुडूप?

झुडूप. बारमाही हिरवं, बहुधा गुडघ्यापर्यंत येणारं, काटक. दुरून सगळी टेकडी एकाच जांभळ्या रंगात बुडालेली दिसते, पण खाली बसून एक डहाळी जवळून बघा. पानं इतकी बारीक की ती खवल्यांसारखी एकमेकांवर चिकटून बसलेली असतात. फूल तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नसतं, फिकट गुलाबी-जांभळं, आणि एकेका काडीवर अशी डझनावारी फुलं. हात फिरवला तर कोरडी, कागदी खसखस ऐकू येते. उन्हाच्या दिवशी मधाचा वास हवेत भरून राहतो आणि मधमाश्यांचा आवाज थांबत नाही.

इथे मुख्यतः साधं हेदर आहे, वनस्पतिशास्त्रात त्याला कॅल्युना व्हल्गॅरिस म्हणतात. मध्ये मध्ये बेल हेदरही दिसतं. त्याचा रंग जास्त गडद, फुलं छोट्या फुगीर घंटांसारखी, आणि ते जरा आधी, जुलैतच फुलायला लागतं.

एवढ्या निकस, आंबट मातीत हे झुडूप जगतं कसं, हा प्रश्न मला फार आवडतो. हेदरच्या मुळांची टोकं केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या पेशींत एक बुरशी वस्तीला असते. मातीत अडकलेला नायट्रोजन ही बुरशी मोकळा करून झाडाला देते, झाड तिला साखर देतं. सुपीक मातीत हेदर गवतापुढे हरतं. जिथे दुसऱ्या कुणाचं भागत नाही, तिथे त्याचं राज्य.

बहर बघायला कधी जावं?

ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. उन्हाळा फार कोरडा गेला तर फुलं लवकर करपतात, गार आणि ओला गेला तर बहर मागे सरकतो. एकच तारीख निवडायची असेल तर ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा धरा.

वेळ म्हणाल तर संध्याकाळ. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो. सहानंतर ऊन तिरपं होतं आणि दुपारी सपाट वाटणारा जांभळा रंग खोल होत जातो. सकाळी लवकर गेलात तर धुक्याची तयारी ठेवा.

बहराबाहेरही डोंगर बघण्यासारखा असतो. मे महिन्यात व्हिनबेरी या ठेंगण्या झुडपाची कोवळी पानं पोपटी हिरवी असतात, शरद ऋतूत तीच पानं लालसर होतात. हिवाळ्यात हेदर गडद तपकिरी, जवळजवळ काळं दिसतं आणि पांढुरके खडक त्यातून उठून दिसतात. मात्र डिसेंबरात चारच्या सुमारालाच सूर्य बुडतो, हे विसरून चालणार नाही.

कासच्या पठारासारखं आहे का?

मोसम बराचसा तोच, म्हणून हा प्रश्न येणारच. दोन्ही ठिकाणी मूळ कारण एकच: निकस जमीन. कासला जांभ्यावर मातीचा पातळ थर, इथे क्वार्ट्झाइट या कठीण खडकावर आम्लधर्मी, पीटमिश्रित (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) थर. पण अनुभव अगदी वेगळा. कासला शेकडो जातींची फुलं, आठवड्याला रंग बदलणार, आणि सगळी पावसाळ्यावर जगणारी. स्टायपरस्टोन्सवर रंग जवळजवळ एकाच झुडपाचा, आणि ते झुडूप तीस-चाळीस वर्षं जगणारं. विविधता शोधत आलात तर निराश व्हाल. एकाच रंगाचा उतार ढगांच्या सावलीबरोबर कसा बदलतो ते बघायला आलात तर तासभर जागचे हलणार नाही. तिकीट, ऑनलाइन नोंदणी असलं काही नाही.

खरंच शांत असतं का? गर्दी का होत नाही?

ऑगस्टमधल्या उन्हाच्या रविवारी डेव्हिल्स चेअरच्या आसपास माणसं भेटतील. बाकी दिवशी अर्धा अर्धा तास कुणी दिसत नाही. शेजारचा लाँग मिंड हा डोंगर जास्त प्रसिद्ध आहे. त्याच्या पायथ्याशी चर्च स्ट्रेटनला रेल्वे स्थानक आहे, चहाची दुकानं आहेत, ओढ्याकाठी मुलांना खेळायला जागा आहे. स्टायपरस्टोन्सकडे यायला अरुंद रस्ते आणि पायथ्याशी सोयी बेताच्या. ज्यांना हवं असतं तेच येतात.

धारेवर मोठ्याने गाणी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. या डोंगराकडे जे आहे त्यातला अर्धा भाग ही शांतताच आहे.

पोहोचायचं कसं?

गाडी असेल तर सगळ्यांत सोपं. दोन जागा लक्षात ठेवा. एक, धारेच्या दक्षिण टोकाजवळचं द नॉल्सचं वाहनतळ. इथून शिखर सर्वांत जवळ. दुसरं, द बॉग व्हिजिटर सेंटर, जुन्या शाळेच्या इमारतीत. आसपासचे रस्ते एका गाडीपुरते रुंद आहेत. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेऊन जागा द्यावी लागते. सॅटनॅव्हचा ‘सर्वांत जवळचा’ रस्ता डोळे झाकून धरू नका.

गाडी नसेल तर रेल्वेने श्रूझबरी किंवा चर्च स्ट्रेटन गाठा. श्रूझबरीहून मिन्स्टर्लीमार्गे बिशप्स कॅसलकडे बस जाते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी श्रॉपशर हिल्सची शटल बसही असते. तिचं वेळापत्रक दर वर्षी ठरतं, त्यामुळे निघण्यापूर्वी तपासा आणि परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा.

कुठली वाट घ्यावी?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी द नॉल्सहून निघावं. फाटकातून वर आलं की रुंद वाट हेदरमधून चढत जाते, डावी-उजवीकडे फुलं, समोर क्रॅनबेरी रॉक. पहिला भाग सोपा. धारेवर आलं की सगळं बदलतं: वाट म्हणजे नुसते कोनाकोनांचे दगड, मुठीएवढ्यापासून टिफिनच्या डब्याएवढे, एकही सपाट बसलेला नाही. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण डेव्हिल्स चेअरपर्यंत जाऊन परत यायला निवांत दोन तास ठेवा. इथे नजर पायांवर ठेवूनच चालायचं आणि बघायचं असेल तेव्हा थांबायचं. चालता चालता दृश्य बघणारेच इथे घोटा मुरगळून घेतात.

चढ हवा असेल तर पश्चिमेकडच्या स्टायपरस्टोन्स गावातून पर्किन्स बीच नावाच्या घळीतून वर या. छातीवर येणारा चढ आहे, सुरुवातीला नेच्याची दाटी, मग एकदम मोकळं आकाश आणि हेदर. धारेवर डेव्हिल्स चेअर गाठून मिटन डिंगलच्या घळीतून त्याच गावात उतरता येतं. मला स्वतःला ही फेरी सर्वांत आवडते, कारण डोंगर पायथ्यापासून समजत जातो.

पूर्ण दिवस असेल तर उत्तरेकडे स्नेलबीचपासून सुरुवात करा. लॉर्ड्स हिलवरून द हॉलीज ही जागा लागते. हॉलीची (काटेरी पानांची, बारमाही हिरवी) ही झाडं काही शतकांची आहेत, वाऱ्याने वाकलेली, आतून पोकळ झालेली, तरी दर वर्षी पालवणारी. पूर्वी हिवाळ्यात गुरांना चारा म्हणून यांच्या फांद्या तोडत. पुढे ब्लेकमूरगेटला खाणकामगारांची जुनी दगडी घरं आहेत. सामाईक जमिनीवर एका रात्रीत घर उभं करून सकाळी धुराड्यातून धूर काढला तर ती जागा आपली, अशी समजूत या सरहद्दीच्या मुलखात होती. अशा वस्तीतली माणसं दिवसा खाणीत राबत आणि उरलेल्या वेळात एक-दोन गाई आणि बटाट्याचा वाफा सांभाळत. तिथून धार धरून द बॉगपर्यंत जाता येतं. मात्र परतीची सोय आधी करा.

एवढे दगड आले कुठून?

हे खडक क्वार्ट्झाइटचे आहेत. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या काठची वाळू साठत गेली, दबली, घट्ट झाली. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे थर तिरके उचलले गेले. क्वार्ट्झाइट इतका कठीण की आजूबाजूचे मऊ खडक झिजून गेले आणि हा कण्यासारखा उभा राहिला. ताज्या तुटलेल्या दगडावर ऊन पडलं की साखरेसारखे कण चमकतात.

दगडांचा खच हिमयुगाच्या शेवटच्या पर्वातला. तेव्हा ही धार सभोवतालच्या बर्फाच्या वर डोकं काढून होती. दिवसा भेगांत पाणी शिरे, रात्री गोठून फुगे, भेग रुंदावे. हजारो वर्षं हेच चालल्यावर कडे फुटले आणि उरले ते हे उंचवटे. गोठण्या-वितळण्याच्या याच खेळात जमिनीवरचे दगड आकारमानाने वेगळे होऊन पट्टे आणि बहुकोन तयार झाले. हेदर छाटलेल्या भागात ते अजून ओळखू येतात. हवाई छायाचित्रांत तर फारच सुंदर दिसतात.

भूशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रॉडरिक मर्चिसन या भूशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला ‘सिल्युरियन’ हे नाव दिलं ते याच भागातल्या खडकांच्या अभ्यासातून. खालच्या थरांवरून त्याचा आणि दुसरा भूशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक याचा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि शेवटी १८७९ मध्ये चार्ल्स लॅपवर्थने मधल्या थरांसाठी ‘ऑर्डोव्हिशियन’ हा स्वतंत्र कालखंड सुचवला. आपण ज्या दगडांवर पाय ठेवतो ते त्या ऑर्डोव्हिशियनच्या अगदी सुरुवातीचे आहेत.

‘सैतानाची खुर्ची’ हे नाव कशावरून पडलं?

लोककथा अशी: सैतान आयर्लंडहून आपल्या पोटाशी बांधलेल्या कापडाच्या ओट्यात दगड भरून निघाला होता. जवळची एक घळ त्याला बुजवायची होती. दमून तो या खडकावर टेकला. उठताना ओट्याची दोरी तुटली आणि दगड चहूकडे विखुरले. ते अजून तसेच पडलेत. उन्हाच्या दिवशी गंधकाचा वास येतो म्हणतात. धारेवर ढग उतरला की सैतान खुर्चीवर येऊन बसला असं गावातली माणसं सांगत. हा डोंगर जमिनीत खचला तर इंग्लंडचा नाश होईल, म्हणून तो वारंवार येऊन आपल्या वजनाने त्याला दाबत असतो, असंही.

मला दुसरी कथा जास्त भिडते. वाइल्ड एड्रिक हा इथला सॅक्सन सरदार. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर १०६९ मध्ये श्रूझबरीवर चाल करून गेलेल्यांत तो होता. पुढे त्याने विजेत्या राजाशी समेट केला. हे लोकांना रुचलं नाही, आणि कथेने त्याला शिक्षा दिली: तो, त्याची बायको लेडी गोडा आणि सगळे साथीदार डोंगराखालच्या शिशाच्या खाणींत कायमचे कोंडलेले आहेत. त्यांना मरण नाही. खाणकामगारांना आतून ठकठक ऐकू येई, आणि जिथे आवाज तिथे चांगलं शिसं, असं ते मानत. देशावर युद्ध येणार असलं की एड्रिक घोड्यावर बाहेर पडतो, शत्रूच्या दिशेने दौडत जातो. क्रिमियन युद्धाच्या आधी एका खाणकामगाराच्या मुलीने त्याला पाहिल्याची हकिकत एकोणिसाव्या शतकात लोककथांच्या संग्रहात नोंदली गेली.

खाणी खरंच होत्या?

होत्या, आणि फार जुन्या. रोमन सम्राट हेड्रियनचं नाव कोरलेली शिशाची लगड या परिसरात सापडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात स्नेलबीच ही इथली मोठी खाण होती. ६ मार्च १८९५ रोजी कामगारांना खाली नेणाऱ्या पाळण्याचा दोर तुटला आणि ७ जण दगावले. शिसं संपत आलं तेव्हा बराइट हे खनिज काढू लागले, आणि १९५५ मध्ये भूमिगत काम थांबलं. इंजिनघरं, धुराडी, लोहारशाळा आजही नीट जपून ठेवली आहेत. जाताना किंवा येताना तास काढून बघाच. वर हेदर आणि खाली ही खाण, दोन्ही बघितल्याशिवाय इथल्या माणसांचं जगणं कळत नाही.

कुंपण घातलेल्या खाणीच्या जुन्या उभ्या विवरांजवळ जाऊ नका आणि बोगद्यांत शिरू नका. मुलांचा हात धरा.

हे हेदर नैसर्गिक आहे ना? मग त्याला सांभाळायचं काय?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण या डोंगराबद्दल मला सर्वांत जास्त हेच सांगायचं असतं.

हेदरचा हा उतार माणसाने आणि गुराढोरांनी मिळून घडवलेला आहे. हिमयुग सरल्यावर इथे झाडोरा वाढला होता. शेती आणि पशुपालन करणाऱ्यांनी हजारो वर्षांत तो हटवला (धारेवर कांस्ययुगातल्या दफनांचे दगडी ढीगही आहेत), मेंढ्या-गुरं चरत राहिली, आणि उघड्या पडलेल्या निकस जमिनीवर हेदर पसरलं. चराई अजिबात थांबली तर बर्च, रोवन, नेचे वर येतात. चराई फार झाली तर हेदर मरून गवत येतं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हा जांभळा रंग टिकतो.

शिवाय हेदर म्हातारं होतं. पहिली काही वर्षं ते कोवळं आणि विरळ, मग दाट आणि फुलांनी भरलेलं, मग मधून फाकत जातं, शेवटी खोडं लाकडी होऊन कोलमडतं. म्हणून कर्मचारी ठरावीक तुकडे आळीपाळीने छाटतात. वाटेवरून बघताना एखादा चौकोन बोडका दिसला तर कुणी नासधूस केली असं समजू नका. त्या तुकड्यात दोन-तीन वर्षांनी कोवळं हेदर असेल, आणि पक्ष्यांना ते खायला लागतं. लपायला आणि घरट्याला मात्र त्यांना शेजारचं जुनं, उंच हेदर हवं असतं. सगळ्या वयांचं हेदर जवळजवळ असणं हीच खरी कसोटी.

विसाव्या शतकात धारेच्या काही भागांवर लाकडासाठी सूचिपर्णी झाडांची लागवड झाली आणि हेदरचे सलग पट्टे तुटले. १९९८ मध्ये ‘बॅक टू पर्पल’ या नावाने संयुक्त प्रकल्प सुरू झाला. निसर्गसंवर्धन आणि वनखात्याच्या सरकारी संस्थांबरोबर श्रॉपशर वाइल्डलाइफ ट्रस्ट त्यात होता. झाडं काढली, जमीन मोकळी केली. हेदरचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहू शकतं, त्यामुळे उजेड मिळताच बऱ्याच ठिकाणी ते आपोआप उगवलं. स्टायपरस्टोन्स १९८२ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था त्याची देखभाल करते. श्रॉपशरच्या या सगळ्या डोंगररांगेला १९५८ पासून संरक्षित निसर्गसौंदर्याचा दर्जा आहे.

म्हणून वाट सोडू नका. फोटोसाठी हेदरमध्ये घुसून बसलेली दहा माणसं एका दुपारी जे तुडवतात, ते भरून यायला वर्षं लागतात.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का? लहान मुलं?

येईल, पण कुठपर्यंत ते आधी ठरवा. द नॉल्सच्या वाहनतळाजवळ व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल अशी छोटी सपाट वाट केलेली आहे. तिथूनही हेदर आणि समोर लाँग मिंडची लांब पाठ छान दिसते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी एवढ्यावर थांबलं तरी काही चुकलं असं नाही. सासूबाईंना उगाच ‘थोडंच राहिलंय’ म्हणत धारेवरच्या दगडांवर नेऊ नका. चढताना नाही, उतरताना त्रास होतो.

पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं खूश असतात. त्यांना चढायला दगड हवेच असतात. डेव्हिल्स चेअरवर मात्र लक्ष ठेवा, कडा उंच आहेत आणि ओला क्वार्ट्झाइट निसरडा होतो. तान्ह्या बाळांसाठी पाठीवरची पिशवी घ्या, बाबागाडी धारेवर चालणार नाही.

कपडे आणि बूट काय?

घोटा धरून ठेवणारे ट्रेकिंगचे बूट. साडी नेसून येणाऱ्या आई-मावशींना सांगा, हेदरच्या काटक्यांत काठ अडकतात. सलवार-कुर्ता किंवा पॅन्ट बरी. ऑगस्टातही वारा रोखणारं जॅकेट आणि एक उबदार थर पिशवीत हवाच. धारेवर आडोसा फक्त खडकांचा.

पाणी घरून भरून न्या, वर कुठेही मिळत नाही.

खायची काय सोय?

द बॉगच्या केंद्रात मोसमात घरगुती केक आणि चहा मिळतो. केकमध्ये बहुधा अंडं असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. स्टायपरस्टोन्स गावातला पब व्हिनबेरी पायसाठी ओळखला जातो. आम्ही थालीपीठ आणि कोरडी चटणी नेतो. वाऱ्यात पोळी-भाजीचा डबा उघडून बसण्यापेक्षा ते सोयीचं पडतं. एकही कागद, सालं मागे ठेवू नका. संत्र्याची सालंसुद्धा.

त्या व्हिनबेरी म्हणजे काय? खाता येतात?

हेदरच्या मधूनच वाढणारं हे ठेंगणं झुडूप. फळ जांभळट काळं, वाटाण्याएवढं, आंबटगोड. बोटं आणि जीभ जांभळी होते. जुलै-ऑगस्टात पिकतं. पूर्वी इथल्या खाणकामगारांच्या घरची बायका-मुलं दिवसदिवस वेचायला जात आणि विकून येणारा पैसा घरखर्चाला मोठा आधार असे. आजही लोक वेचतात. वाटेच्या कडेची चार फळं तोंडात टाकायला हरकत नाही, पण पिशव्या भरू नका. पक्ष्यांचंही ते अन्न आहे. आणि ओळख पटल्याशिवाय कुठलंच फळ खाऊ नका.

कुठले पक्षी-प्राणी दिसतील?

रेड ग्राउज हा हेदरमध्ये राहणारा कोंबडीसारखा पक्षी. दिसण्याआधी तो ऐकू येतो, पायाजवळून एकदम फडफडत उठतो आणि जमिनीलगत उडत जाताना ‘गो-बॅक, गो-बॅक’ असं घोगरं ओरडतो. इंग्लंडमधल्या त्याच्या वस्तीच्या जवळजवळ दक्षिण टोकावर आपण उभे असतो. काळा डोमकावळा घुमत असतो, चंडोल वसंतात गातो, आणि काटेरी गोर्सच्या शेंड्यावर बसून दोन गोट्या आपटल्यासारखा आवाज करतो तो स्टोनचॅट. वसंतात उन्हाच्या दिवशी एम्परर मॉथ हा मोठा पतंग हेदरवरून भरधाव जाताना दिसू शकतो. जुन्या खाणींच्या उघड्या ढिगाऱ्यांवर ग्रेलिंग फुलपाखरू पंख मिटून बसतं, आणि दगडातून वेगळं काढणं कठीण जातं.

साप? गोचीड?

ब्रिटनमध्ये अ‍ॅडर हा एकच विषारी साप. पाठीवर नागमोडी गडद पट्टा. दिसला तर लांबून बघा, तोच निघून जातो. दगडांच्या खाचांत न बघता हात घालू नका.

खरी काळजी गोचिडांची. मेंढ्या, नेचे, दाट झाडोरा जिथे तिथे त्या असतात आणि काहींमुळे लाइम रोग होतो. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मुलांच्या केसांत नीट बघा. लागलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरणारा लालसर डाग किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

कुत्रा, शेकोटी, ड्रोन चालतं का?

कुत्रा चालतो. पण खुल्या प्रवेशाच्या अशा जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात तो जास्तीत जास्त २ मीटरच्या दोरीवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. मेंढ्यांजवळ तर बाराही महिने. शेकोटी आणि बार्बेक्यू अजिबात नाही, एकदा वापरून टाकायच्या त्या ट्रेसुद्धा नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात हेदर भडकतं आणि खालचा पीट दिवसेंदिवस आतून धुमसत राहतो. ड्रोन आणि तंबूसाठी आधी परवानगी लागते.

मोबाईलला रेंज असते का? काही झालं तर?

धारेवर बऱ्यापैकी, घळींमध्ये भरवसा नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, ढग उतरला तर खडकांचे उंचवटे एकसारखे दिसू लागतात. दुखापत झाली तर ९९९ लावा, ‘पोलीस’ आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागा. आपण कुठल्या खडकाजवळ आहोत ते सांगता आलं पाहिजे, म्हणून नावं लक्षात ठेवा.

त्याच दिवशी आणखी काय बघता येईल?

उजेड उरला असेल तर पश्चिमेला थोड्याच अंतरावर स्टेपली हिलवरचं मिचेल्स फोल्ड. मोकळ्या माळावर कांस्ययुगातलं दगडांचं वर्तुळ, तीन हजार वर्षांहून जुनं. साधारण पंधरा दगड उरलेत, काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या उंचीचे. इथली कथा दुष्काळाची आहे. उपाशी लोकांसाठी एक पांढरी जादूची गाय रोज रात्री इथे येऊन उभी राहायची. नियम एकच, प्रत्येकाने एकच भांडं भरून घ्यायचं. एके रात्री एका चेटकिणीने चाळण आणली आणि गाय आटेपर्यंत तिला पिळत राहिली. गाय नाहीशी झाली, चेटकीण दगड झाली आणि ती निसटू नये म्हणून भोवती इतर दगड उभे केले गेले. वाहनतळापासून सपाट वाटेने चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेव्हा स्टायपरस्टोन्सची धार ज्यांना जमली नाही त्या आई-बाबांनाही इथे आरामात नेता येईल.